धाकट्याचा शब्द
(वर्धापन-सोहळ्यापूर्वी सेवेकऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



सोहळ्याची सेवा अनेक हातांनी होते. कोठी, पाकशाळा, पंगत, हिशेब यांवर माणसे नेमली जातात आणि कामाची वाटणी होते. परंतु त्या माणसांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलता येते की नाही, याचा विचार क्वचितच केला जातो. कार्याची सिद्धी पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

दि. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या अधिकारातील तेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुके पसरले होते. एका डच विमानाच्या कप्तानाने उड्डाणाची अनुज्ञा मिळण्यापूर्वीच विमान दौडविले. त्याच धावपट्टीवर एक अमेरिकन विमान अद्याप होते. डच विमानातील अभियंत्यास शंका आली आणि ते विमान वाटेतून दूर झाले नाही काय, असे त्याने विचारले. कप्तान हे ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकविणारे. त्यांनी ठासून होकार दिला आणि ती शंका तेथेच विरली. काही क्षणांत दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. धुके, संदिग्ध शब्द, एकमेकांत मिसळलेले निरोप अशी या अनर्थाची इतरही कारणे होती. तथापि अखेरची सावधगिरीची सूचना विमानातच उच्चारली गेली होती, हे विसरता येत नाही.

अशा अपघातांवर विचार करण्यासाठी १९७९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने एक परिषद भरविली. धाकट्याने शंका स्पष्ट मांडावी व थोराने ती ऐकावी, हेही वैमानिकांच्या शिक्षणाचे अंग झाले. पुढे ही शिकवण जगभर पसरली.

हार्वर्ड विद्यापीठातील विदुषी एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पथकांचा अभ्यास करून १९९६ साली तो प्रसिद्ध केला. उत्तम पथकांत औषधांच्या चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आढळल्या त्या अधिक! त्यांनी केलेली मीमांसा अशी, की तेथे चुका अधिक घडत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. जेथे धाक होता, तेथे चूक झाकली जात असे. आणि झाकलेली चूक सुधारणार कशी?

येथे कोणी म्हणेल, 'मग वडिलांची मर्यादा काय राहिली?' ही शंका योग्य आहे. परंतु आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष पूर्णपणे मांडल्यावाचून सिद्धान्त स्थिर होत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य तर शिष्यास, आमच्या सदाचरणाचेच अनुकरण कर, इतराचे नको, असे बजावतात. निर्णय प्रमुखाचाच असावा. मात्र तो सर्वांचे ऐकून झालेला असावा.

पाठशाळेतील एक आठवण सांगतो. एका पारायणात आमच्यातील एका वरिष्ठ विद्यार्थ्याकडून एक पद सुटले. ते मला कळले, पण मी गप्प राहिलो. सायंकाळी गुरुजींनी विचारले, "किती जणांच्या ध्यानात आले होते?" तिघांनी हात वर केले. मला वाटले, आता रागावतील. ते काही वेळ स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "अरे, तुम्हाला बोलण्याचे भय वाटले, ही उणीव माझी." दुसऱ्या दिवसापासून पाठ संपताच ते प्रथम सर्वांत लहान विद्यार्थ्यास विचारू लागले, "काय राहिले, सांग बाळ." त्यामुळे गुरुजींचा मान रतिभरही उणावला नाही, आमचे पाठ मात्र शुद्ध झाले.

म्हणून माझी नम्र विनंती अशी, की सोहळ्याच्या दिवसांत प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने रात्री आपल्या माणसांना घटकाभर एकत्र बसवावे आणि वाढप्या मुलापासून आरंभ करून विचारावे, "आज काय उणे पडले?" जो उणीव सांगेल, त्याच्यावर रागावू नये. उद्याच्या पंगतीत कोणी उपाशी उठू नये, याची सोय त्याच्या त्या एका शब्दात असेल.