दामाजीपंतांची पावती

(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेल्या भाषणावरून)



चार शब्द बोलावेत अशी मंडळींची आज्ञा झाली. हे मंदिर लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशावर पुन्हा उभे राहिले आहे. म्हणून देव आणि हिशेब या दोहोंची गाठ घालणारी दामाजीपंतांची कथा आज घेतो.

महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे ही कथा घरोघर पोचली. पंधराव्या शतकात दामाजीपंत मंगळवेढ्यास बेदरच्या बादशहाचे अधिकारी होते. भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून तडफडू लागली आणि पंतांच्या ताब्यातील सरकारी कोठारे मात्र भरलेली. त्यांनी ती भुकेल्यांसाठी मोकळी केली. बेदरला चुगली गेली, पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. पंत वाटेत असतानाच विठू महार दरबारात हजर झाला. त्याने धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. हा विठू म्हणजे साक्षात पांडुरंग.

कथा ऐकून आपण टाळी वाजवतो. पण धान्य पंतांचे नव्हते, हे विसरून चालणार नाही. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या मालाचे दान करणे, हे पुण्य म्हणावे की चोरी? उलट, कोठारांना कुलूप ठेवले असते तर चाकरी चोख झाली असती. पण दाराशी प्रेते पडली असती. दोन्हीकडे दोष होता. पंतांनी भुकेल्यांचा पक्ष घेतला आणि त्याबद्दल आपली मान पुढे केली.

आता देवाची करणी पाहा. त्याने बादशहाची वही फाडली नाही. ‘हा माझा भक्त आहे, याला माफ कर’ असेही तो म्हणाला नाही. त्याने देणे चुकते केले आणि रीतसर पावती घेतली. देवाची दया हिशेब बुडवीत नाही. तो स्वतःच्या अंगावर घेते.

आणि त्यासाठी देवाने रूप कोणाचे घेतले? याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. हयातीत त्यांना राउळात प्रवेश नव्हता. पंढरपूरचे ते दार त्यांच्या जातभाईंना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. आपण ज्याला बाहेर उभे केले, त्याच्याच वेषात देव भक्ताचे कर्ज फेडायला गेला.

मंडळी, आपले उल्हासनगर लष्करी छावणीच्या बराकींतून वसले. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्यांनी इथे संसार मांडले. घाटावरून, कोकणातून आपली माणसे पोटासाठी आली. रिकामे हात कसे असतात, हे इथे कोणाला सांगायला नको. म्हणून दोन गोष्टी मागतो. या मंदिराच्या दारातून कोणी भुकेला परत जाऊ नये आणि कोणाला जात विचारली जाऊ नये. दुसरे, देणगी अकरा रुपयांची असो वा अकरा हजारांची, तिची पावती फाडली जावी आणि जमाखर्च फलकावर लागावा. दामाजींचे नाव सांगून लोकांच्या पैशाला कोणी हात लावू नये. पंतांनी आपला जीव पणाला लावला होता. आणि खुद्द पांडुरंगानेही पावती घेतल्याशिवाय दरबार सोडला नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!