‘हाय नून’: घड्याळाकडे लक्ष असू द्यावे

फ्रेड झिनेमान यांचा ‘हाय नून’ हा 1952 सालचा कृष्णधवल वेस्टर्न चित्रपट 85 मिनिटांचा आहे. त्यातली खरी चकमक येते ती अगदी शेवटी. तोवर दिसतात घड्याळे, ओस रस्ता आणि मदतीसाठी दारोदार फिरणारा मार्शल विल केन. ‘गोळीबार कधी?’ म्हणून ताटकळणाऱ्या प्रेक्षकाच्या हातून हाच भाग निसटतो, आणि चित्रपट तर या भागातच आहे.

केनवर सूड उगवायला गुंड फ्रँक मिलर बाराच्या गाडीने येणार, एवढे कळले की गोष्टीतला वेळ आणि पडद्यावरचा वेळ जवळजवळ बरोबरीने चालतात. मंद आचेवर दूध ठेवावे तसे हे आहे. भांड्यात काही घडत नाही, पण तिथून हलताही येत नाही. आधी कडेला बुडबुडे येतात, मग साय सुरकुतते, मग मधून वर उचलली जाते. झिनेमान आच मुळीच वाढवत नाहीत. न्यायाधीश झेंडा आणि तराजू आवरून गाव सोडतो, हा पहिला बुडबुडा. डेप्युटी बिल्ला टाकून देतो, हा दुसरा. साय उचलली जाते चर्चमध्ये. केनचा स्नेही हेंडरसन उठून त्याची तोंडभर स्तुती करतो. आता माणसे मिळणार असे वाटते. त्याच भाषणाच्या शेवटी तो सांगतो, की रस्त्यावर रक्त सांडले तर उत्तरेकडचे भांडवल गावात येणार नाही, तेव्हा केनने निघून जावे. भाषण सुरू असताना बाकांवरचे चेहरे पाहावेत, बंदुका नंतर आहेतच.

पुन्हा सांगायला हवे: घड्याळ पाहावे. बाराच्या ठोक्याआधी लंबक, रिकामी खुर्ची, स्टेशनवर मिलरची वाट पाहणारे तिघे, दारू पिणारे, प्रार्थना करणारे असे एकेक चित्र संगीताच्या ठेक्यावर येते आणि इंजिनाच्या शिट्टीपाशी सारे थांबते. संकलनाचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले ते उगीच नव्हे. केन साकारणारे गॅरी कूपर आणि संगीतकार दिमित्री ट्योमकिन यांचीही ऑस्करे आहेत, पण ट्योमकिनच्या गाण्यासाठी वेगळा वेळच काढावा लागेल.

छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांनी वेस्टर्नमधले देखणे ढग टाळून आकाश पांढरेफटक ठेवले. शिट्टीनंतर कॅमेरा क्रेनवरून उंच उंच जातो आणि खाली रस्त्यात घामेजलेला, पन्नाशीतला केन एकटा उरतो.

पटकथाकार कार्ल फोरमन यांची त्याच काळात अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कम्युनिस्ट संबंधांवरून चौकशी झाली, हॉलिवूडची दारे बंद झाली आणि ते इंग्लंडला गेले. गावकऱ्यांची पाठ फिरते त्यामागे हा अनुभव आहे. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि अभिनेते जॉन वेन यांना मात्र मदतीची याचना करणारा मार्शल पटला नाही. त्यांनी 1959 मध्ये उत्तरादाखल ‘रिओ ब्राव्हो’ काढला. तोही उत्तम आहे आणि जरूर पाहावा, पण ‘हाय नून’नंतर.