मुखपट्टी आणि सोवळे



देवस्थानाच्या व्यवहारात सोवळ्याला मोठा मान आहे. नैवेद्य रांधणाराने तो देवापुढे ठेवण्याआधी चाखावयाचा नाही, हा दंडक घरोघरी ठाऊक आहे. पारशी धर्मगुरू पवित्र अग्नीसमोर उभे राहताना नाकातोंडावर ‘पदान’ नावाचे शुभ्र वस्त्र बांधतात, तेही आपल्या श्वासाने अग्नी दूषित होऊ नये म्हणूनच. दुसऱ्याच्या पावित्र्यासाठी स्वतःला आवरणे ही कल्पना या भूमीला नवी नाही. असे असता २०२० साली मुखपट्टी बांधण्याची वेळ आली, तेव्हा समाज इतका का अडखळला, याचा विचार झाला पाहिजे.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांना नाकातोंडाला पदर बांधण्याची सवय जुनीच. तो पदर धूळ आत जाऊ नये म्हणून असे. कोरोनाच्या साथीत मुखपट्टीचे काम दुहेरी होते, आणि त्यातील मोठा भाग बोलण्याखोकण्यातून उडणारे तुषार इतरांपर्यंत न पोहोचू देण्याचा होता. हा रोग लक्षणे दिसण्यापूर्वीच पसरत असे. त्यामुळे ‘मी ठणठणीत आहे, मग पट्टी कशाला?’ हा प्रश्नच फसवा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही सर्वसामान्यांसाठी मुखपट्टीची शिफारस ५ जून २०२० रोजी, म्हणजे उशिराच केली. तोवर संशयाला पुरेसा वाव मिळाला होता.

सीमाभागात गोंधळ अधिक झाला. कर्नाटकातील मंदिरे ८ जून २०२० पासून उघडली, तर महाराष्ट्रातील १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. ऑक्टोबर २०२० च्या आरंभी कर्नाटकात मुखपट्टी नसल्यास शहरांत १००० व अन्यत्र ५०० रुपये दंड ठरला. थोड्याच दिवसांत तो २५० व १०० वर आला. दंडाच्या धाकाने जे साधावयाचे ते तेवढेच साधले. पोलीस दिसताच पट्टी नाकावर चढे, त्याची पाठ वळताच हनुवटीवर उतरे.

बेळगावचे खासदार व केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी याच रोगाने निवर्तले. त्यानंतर चार महिने उलटले नाहीत तोच, १७ जानेवारी २०२१ रोजी, त्याच बेळगावात भरलेल्या राजकीय सभेत मुखपट्टीचा नियम बाजूस राहिला. उच्च न्यायालयास त्याची दखल घ्यावी लागली. वडीलधारेच नियम मोडू लागले, तर धाकट्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

मग लोकांना वळण लागावे कसे? याचे उत्तर बांगलादेशात सुमारे ६०० खेड्यांत झालेल्या मोठ्या प्रयोगाने दिले. तेथे निम्म्या खेड्यांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या, मशिदींच्या इमामांनी व गावच्या पुढाऱ्यांनी त्यांचा पुरस्कार केला, आणि बाजारात विनापट्टी दिसणारास स्वयंसेवकांनी समोरासमोर, सौम्यपणे आठवण दिली. त्या खेड्यांत नीट पट्टी बांधणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. इतर खेड्यांत ते १३ टक्केच राहिले. जे दंडाने साधले नाही, ते आदरणीय माणसाच्या शब्दाने बऱ्याच अंशी साधले. देवस्थानच्या महाजनांना यापरता स्पष्ट बोध कोणता हवा?

मात्र एक विवेक राखला पाहिजे. सोवळ्याच्या नावाखाली जन्मावरून माणसे दूर लोटण्याचे पापही या समाजात घडले आहे. मुखपट्टीला जात नाही. ती यजमानाला व झाडूवाल्याला सारखीच बांधावी लागते, आणि कोणालाही अस्पृश्य न करता सर्वांचे रक्षण करते. सोवळ्यातील संयम घ्यावा, तुच्छता टाकावी.

साथीची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे घोषित झाले. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगावे? तोवर देवस्थानांनी महाद्वारी मुखपट्ट्यांची एक पेटी ठेवावी. खोकला झालेल्या सेवेकऱ्याने गाभाऱ्यापासून व मुदपाकखान्यापासून चार दिवस दूर राहण्याचा प्रघात पाडावा. आणि विनापट्टी आलेल्या भाविकास दारातून परतवण्याऐवजी त्याच्या हाती एक पट्टी द्यावी. देवाच्या दारी आलेल्याला निरोगी घरी पोहोचविणे, हीही महाजनांची सेवाच आहे.