चुकलेल्या वहीपाशी



'शिक्षकाची वाढ' हा आजचा विषय मी एका वहीपासून सुरू करतो. दुसरीचा वर्ग होता. मी म्हटलं, "त्रेपन्न लिही." त्या मुलानं ३५ लिहिले. मी लाल फुली मारली आणि ५३ दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. त्यानं मुकाट्यानं आणलं. दुसऱ्या दिवशी 'चौऱ्याहत्तर' सांगितलं, तर वहीत ४७. पुन्हा फुली, पुन्हा दहा वेळा. अशा फुल्या मी नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मारल्या.

त्या मुलाचं चुकत काय होतं? तो कानावर भरवसा ठेवत होता. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी कानावर येतात आणि पन्नास नंतर. तो ऐकलेल्या क्रमानं लिहीत होता. आपण बोलताना एकक आधी घेतो, लिहिताना दशक आधी. 'एकोणसाठ' तर त्याहून अवघड. त्यात पाचही ऐकू येत नाहीत आणि नऊही नाहीत, ऐकू येतात ते साठ. मग पोरगं ६९ लिहितं. त्या चुकीत विचार असतो, पण फुलीखाली तो दिसत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला, हे आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. आपली संख्यानामं टिकलीच पाहिजेत, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण नारळीकरबाईंनी ज्या जागी बोट ठेवलं, ती जागा खरोखर दुखरी होती. इतकी वर्षं शिकवूनही ती मला स्वतःहून दिसली नव्हती, याची खंत मला आहे.

भाषेच्या वहीतही हेच. आपल्या या गव्हाणच्या पट्ट्यात घराघरांत आगरी बोलली जाते. घरात 'शाला' आणि 'पानी' ऐकलेलं मूल पहिलीत तसंच लिहितं. ऐकलं तसं अक्षरात उतरवणं ही पहिलीतल्या मुलाची केवढी मोठी मजल आहे! त्याला आधी शाबासकी द्यावी, आणि मग पुस्तकात 'शाळा' कशी लिहितात ते शेजारी लिहून दाखवावं. दोन्ही शब्द त्याचेच आहेत. आईची बोली चुकीची, असं पोराला वाटलं की ते वर्गात तोंडच उघडत नाही.

मला हे दिसायला लागलं ते शेजारच्या वर्गावरच्या बाईंमुळे. एकदा त्यांच्या वर्गातली मुलं आरोग्य तपासणीला गेली होती, म्हणून त्या वह्या तपासायला माझ्या वर्गात मागे येऊन बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच उत्तरही देता. पोरांना विचार करायला वेळच मिळत नाही." मला राग आला. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "बाई, आजही बसा. मी किती थांबतो ते मोजा." त्यांनी मोजलं. जेमतेम एक सेकंद.

पुढे वाचनात आलं की मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी शेकडो तास ऐकून हेच टिपलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद! त्याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय. पण आपण थांबत नाही, हे आपलं आपल्याला कळत नाही. कोणीतरी मागे बसावं लागतं.

पूर्वी शिक्षकांच्या गटसंमेलनात हे होत असे. एक शिक्षक मुलांसमोर पाठ घेई, बाकीचे मागे बसत, आणि मग त्या पाठावर चर्चा चाले. आज शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, पण तिचा बराच वेळ माहितीचे तक्ते भरण्यात आणि सूचना ऐकण्यात जातो. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. हे तास ऑनलाइन व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र मिळवण्यात गेले, तर मला फार वाईट वाटेल. त्यातले दहा तास तरी दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून जावेत.

शिक्षकानंही शिकत राहावं, हा विचार जुनाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढली. तिची शाळा आपल्या गव्हाणातही आहे. त्यांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय उघडलं ते १९३५ साली. महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं १९४० मध्ये. हायस्कूलच्या आधी शिक्षक घडवणारी शाळा! हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता कोणी मागे बसलं की काय होतं, ते एकाच तासातून सांगतो. सातवीला शेकडेवारी शिकवायची होती. पुस्तकात दुकानदाराच्या नफ्याचं उदाहरण होतं. शेजारच्या वर्गावरच्या त्या बाईंनी आणि मी मिळून टाचण बदललं. नवी मुंबईसाठी सिडकोला गेलेल्या जमिनी, त्यांच्या मोबदल्यासाठी झालेलं १९८४ चं जासई-दास्तानचं आंदोलन, त्यातले पाच हुतात्मे, दि. बा. पाटलांचा लढा, हे इथल्या पोरांनी घरी ऐकलेलं असतं. 'साडेबारा टक्के', म्हणजे घेतलेल्या जमिनीपैकी विकसित करून परत मिळणारा हिस्सा, हा शब्द त्यांना पाढ्यांच्या आधी कळतो. मी फळ्यावर लिहिलं : एक एकर, ४० गुंठे. साडेबारा टक्के किती?

एक मुलगा म्हणाला, "पाच गुंठे. शंभराचे निम्मे पन्नास, त्याचे निम्मे पंचवीस, त्याचे निम्मे साडेबारा. म्हणजे आठवा हिस्सा." मी खूश झालो. तेवढ्यात एक मुलगी उठली. "गुरुजी, पण आजोबा म्हणतात, हातात साडेतीनच येतात."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. बाई मागे बसल्या होत्या. मी थांबलो. मनात एक, दोन, तीन मोजले. वर्गात कुजबुज झाली आणि कोपऱ्यातून आवाज आला, "सार्वजनिक सोयींसाठी त्यातले तीस टक्के कापतात." मग मुलांनीच गणित मांडलं. साडेबाराचे तीस टक्के म्हणजे पावणेचार. ते वजा जाता पावणेनऊ. चाळीस गुंठ्यांचे पावणेनऊ टक्के, साडेतीन गुंठे. तो वर्ग त्या दिवशी घंटा झाली तरी उठेना.

दुसऱ्या दिवशी मुलीचे आजोबा शाळेत आले. काखेत जुन्या कागदांची पिशवी, हातात नातीची वही. म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षं आकडे ऐकतोय. हे पोरीनं मांडलंय ते मला नीट समजावून सांगा."

मी खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि आजोबांशेजारी बाकावर बसलो.