परमुलखातले ताट आणि आपला देह



जेवणाची वेळ होत आलेली असताना श्रोत्यांपुढे खाण्यावर बोलायला उभे राहणे हे धाडसच म्हणावे लागेल. पण आजचा विषय केवळ खाण्याचा नाही. खाल्लेले अंगावर दिसते, आणि अंगावर दिसलेले लोकांच्या डोळ्यांत भरते. आम्ही उभयता काही वर्षे जपानातील ओसाका शहरात राहिलो. त्या मुक्कामात ताटावरचा आनंद आणि देहावरची नजर या दोहोंचा जो विचार करावा लागला, तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ताटाकडे वळू. जपानात अशी म्हण आहे की, क्योतोचा माणूस कपड्यांपायी धुळीला मिळतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. या दुसऱ्या व्यसनाला तेथे 'कुइदाओरे' म्हणतात. ओसाका हे जुने व्यापारी बंदर. उत्तरेकडील होक्काइदो बेटावरून 'कोंबु' नावाची समुद्रवनस्पती जहाजांतून येथे येई आणि तिच्या अर्कावर येथील स्वयंपाक पोसला गेला. या अर्काची चव खारट नाही, गोड नाही, आंबट वा कडूही नाही; मग ती आहे तरी कोणती? या प्रश्नाचा पाठपुरावा करून इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोंबुतील ग्लुटामिक आम्ल वेगळे काढले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. आमटीला 'बूड' नाही असे आपली सुगरण म्हणते, तेव्हा तिला जे उणे वाटते ते बहुधा याच जातीचे असावे.

ओसाकाच्या रस्त्यावर ताकोयाकी मिळते. आपल्या आप्पेपात्राचीच बहीण शोभेल अशा खळग्यांच्या तव्यात पातळ पीठ ओततात, त्यात अष्टपादाचा तुकडा टाकतात आणि टोचणीने गोळा फिरवीत फिरवीत भाजतात. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी, पीठ आणि अंडे यांचे जाडजूड धिरडे. भात आखूड दाण्याचा व किंचित चिकट. आंबेमोहोर खाल्लेल्या माणसाला तो परका वाटत नाही. कोकणातला मासेखाऊ माणूस तर तेथे पहिल्याच आठवड्यात रुळेल. शाकाहारी माणसाची मात्र परीक्षा असते, कारण साध्या दिसणाऱ्या सारातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. त्याने बौद्ध मठांतील 'शोजिन' पद्धतीच्या जेवणाचा आश्रय करावा. तेथे कोंबु आणि वाळवलेल्या अळंब्यांवर सर्व स्वाद उभा केलेला असतो. आमचे म्हणणे एवढेच की, परमुलखात गेल्यावर लोणच्याच्या बरणीला कवटाळून बसू नये. ज्या गावचे पाणी प्यायचे त्या गावचे चार घास प्रेमाने खावेत. शेजारधर्माची सुरुवात तेथूनच होते.

आता दुसरी बाजू. जपानी माणूस बोलण्यात अतिशय नम्र. पण शरीराविषयी तो, आणि विशेषतः ती, ज्या सहजतेने बोलते त्याने परका माणूस चकित होतो. 'चेहरा किती लहान आहे!' ही तेथे स्तुती असते. 'थोडी भरलीस, नाही का?' ही चौकशी असते. कपड्यांच्या दुकानात 'सर्वांना बसणारे' म्हणून जे माप टांगलेले असते, ते आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या बाईच्या खांद्यातून खाली उतरत नाही. विकणारी मुलगी दहा वेळा वाकून क्षमा मागते, आणि त्या क्षमेनेच गिऱ्हाइकाला अधिक अवघडल्यासारखे होते.

त्यातच कमरेच्या मापाची भर. एप्रिल 2008 पासून जपानात 40 ते 74 वर्षे वयाच्या लोकांसाठी विशेष आरोग्यतपासणी सुरू झाली. तीत बेंबीच्या पातळीवर फीत लावून घेर मोजतात. पुरुषाला 85 सेंटिमीटर आणि स्त्रीला 90 ही मर्यादा आहे. जपानात लठ्ठपणा हा गुन्हा आहे अशी बातमी त्या वेळी परदेशी वृत्तपत्रांतून पसरली. ती खोटी आहे. माप ओलांडणाऱ्याला दंड होत नाही, तुरुंग तर नाहीच. घेर आणि रक्तातील इतर चिन्हे पाहून त्याला आहारविहाराचा सल्ला देतात. तपासण्या घडवून आणण्याची जबाबदारी विमासंस्थांवर आहे. पण कायद्याने दंड केला नाही तरी समाज करतो. 'मेताबो' हा वैद्यकीय शब्द बघता बघता पोट सुटलेल्या माणसाची थट्टा करण्याचा शब्द होऊन बसला.

आपण म्हणाल, हा जपानी लोकांचा पिढीजात स्वभाव असेल. तसे नाही. तेथील जुन्या मुखवट्यांत ओताफुकु नावाची स्त्री आहे. तिचे गाल फुगीर, चेहरा वाटोळा, आणि ती सौभाग्याचे चिन्ह मानली जाते. ट्विगी नावाची काटकुळी इंग्रज मॉडेल 1967 मध्ये जपानात आली आणि आखूड झग्यांची लाट उसळली. पुढे मासिके, दूरदर्शन आणि जाहिराती यांनी कृशतेलाच सौंदर्य ठरविले. आज तेथील विशीतल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचवा हिस्सा वैद्यकीय मापाने कमी वजनाचा भरतो. अडीच किलोपेक्षा हलकी जन्मणारी बालके शेकडा नऊच्या आसपास आहेत. गरोदरपणी वजन फार वाढू देऊ नये, असा सल्ला तेथे पुष्कळ वर्षे देत. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये ही मर्यादा वर नेली आणि सामान्य बांध्याच्या गर्भवतीला 10 ते 13 किलो वाढ योग्य ठरविली. लोकांच्या नजरेची किंमत कधी कधी न जन्मलेले मूल देते, ती अशी.

इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. उंची आणि वजन यांचे जे गुणोत्तर आज घरोघरी सांगतात, ते बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले. त्याला एका माणसाचा रोग शोधायचा नव्हता. समाजाची सरासरी काढायची होती. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचेही हे गुणोत्तर 22.3, अगदी सारखे. पण चरबी मोजली तेव्हा युडकिनांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पुणे परिसरातल्या खेड्यांतील नवजात बालकांतही हेच आढळले. मूल भरते सुमारे 2.7 किलो, इंग्रज मूल 3.5 किलो, पण आपल्या किरकोळ दिसणाऱ्या बाळाच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली! म्हणजे जो बारीक दिसतो तो निरोगी असेलच असे नाही, आणि जो भरलेला दिसतो तो रोगी असेलच असेही नाही. आमच्यासारख्यांच्या बाबतीत नुसत्या दिसण्यावर विसंबणे फसवे आहे, मग ते पाहणारे डोळे ओसाकाचे असोत की पुण्याचे.

आणि पुण्याचे डोळे काही कमी तिखट नाहीत! सुट्टीवर आलेल्या मुलीच्या हातातली पिशवी खाली ठेवली जाण्याआधीच निकाल लागतो. 'वाळलीस गं, तिकडे खायला मिळत नाही का?' असे एक मावशी म्हणते, आणि त्याच दिवशी दुसरी म्हणते, 'चांगलीच सुटलीस की!' दोघींच्या पोटात मायाच असते, हे आम्ही जाणतो. पण चौदा वर्षांची मुलगी ती माया ऐकत नाही. ती फक्त शब्द ऐकते. मग भाकरीचा दुसरा चतकोर घ्यावा की नाही याचा हिशेब ती ताटावर बसून करू लागते. हा हिशेब एकदा मनात शिरला की सहजी निघत नाही.

मग मितीचे काय? ती हवीच. काइबारा एक्केन या जपानी पंडिताने ऐंशी वर्षे उलटल्यावर, 1713 मध्ये, आरोग्यावर 'योजोकुन' हा ग्रंथ लिहिला आणि पोट तुडुंब भरू नये असे सांगितले. आपल्या वाग्भटानेही जठराचे दोन भाग अन्नाला, एक पेयाला आणि एक वायूसाठी मोकळा ठेवायला सांगितले आहे. दोघांनीही कोठे थांबावे ते पोटाला विचारायला सांगितले. शेजाऱ्याला विचारा असे दोघांपैकी एकानेही म्हटलेले नाही.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. देहाची तपासणी वैद्याकडे, रक्ताच्या आणि रक्तदाबाच्या मापाने, अवश्य करावी. भीड धरू नये. परंतु घरात, लग्नकार्यात, पंगतीत कोणाच्या अंगावर बोलू नये, स्तुतीनेही नाही. बोलायचेच असेल तर, 'कशी आहेस? तिकडे काय काय खाल्लेस, सांग तरी,' असे विचारावे. अशा प्रश्नाने मुलगी मोकळी होते, आणि आपल्यालाही एखादा नवा पदार्थ कळतो.

घड्याळ पुढे सरकले आहे आणि घरी पाने मांडली असतील. आपण सर्वांनी आज निःशंक मनाने जेवावे, इतके म्हणून आपली रजा घेतो.