राउटर टेबलावरील लिफ्ट : बसवणी आणि जुळवणी

(पिरनवाडी येथे सुतारकाम करणाऱ्या कारागिरांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यासमोर या विषयावर बोलण्यास उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो, हे प्रारंभीच सांगून टाकतो. मी कला शाखेचा पदवीधर. माझ्या हातात लेखणी शोभते, पटाशी नव्हे. परंतु प्रसिद्धी खात्याच्या नोकरीमुळे अनेक कारखान्यांच्या दारांत उभे राहण्याचा, कारागिरांना प्रश्न विचारण्याचा आणि त्यांनी दिलेली उत्तरे टिपून ठेवण्याचा योग मला लाभला. आज मी जे सांगणार आहे, ते आपल्यासारख्यांकडूनच शिकलेले आहे. ते सुसूत्र मांडणे एवढेच माझे काम.

पिरनवाडी हे गाव मोठ्या मोक्याच्या जागी वसलेले आहे. एक रस्ता खानापूरमार्गे गोव्याकडे जातो, दुसरा जांबोटीकडे वळतो. पलीकडे खानापूर आणि दांडेलीची राने, अलीकडे उद्यमबागेतील ओतशाळा आणि लेथची दुकाने, पुढे मच्छेची औद्योगिक वसाहत. लाकूड आणि लोखंड या दोन्हींचा शेजार लाभलेली अशी गावे फार थोडी. आजचा विषयही या दोघांच्या संगमाचाच आहे.

पूर्वीचे रंधे आणि आजचे राउटर

बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान मानाचे होते. त्याच्या पेटीत साध्या रंध्याबरोबर खाच काढण्याचा, गोलाई काढण्याचा असे निरनिराळे रंधे असत. त्या सर्वांचे काम आज एकटे राउटर करते. मिनिटाला दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत फेरे घेणारी ही मोटर, तिच्या तोंडाशी बदलता येणारे बिट, आणि दाराच्या चौकटीची नक्षी काही क्षणांत उमटते.

हेच यंत्र टेबलाखाली उलटे टांगले, की त्याचे राउटर टेबल होते. मग यंत्र लाकडावर फिरवावे लागत नाही. लाकूड यंत्रावरून सरकवायचे असते. लहान पट्ट्या, अरुंद काठ, एकसारखे पन्नास तुकडे अशा कामांना ही रीत फार सोयीची. अडचण एकच. बिट अर्धा मिलिमीटर वर घ्यावयाचे झाले, तर कारागिराला गुडघे टेकून टेबलाखाली शिरावे लागते, एका हाताने जड मोटर तोलून धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने स्क्रू आवळावा लागतो. आवळता आवळता मोटर किंचित खाली सरकते, आणि सारा खटाटोप पुन्हा आरंभापासून करावा लागतो. या अडचणीवरचा उपाय म्हणजे राउटर लिफ्ट.

लिफ्टची रचना समजण्यास सोपी आहे. वर टेबलात बसणारी धातूची प्लेट, तिच्याखाली उभे गुळगुळीत दांडे, त्यांवर वरखाली सरकणारी मोटरची पकड आणि तिला उचलणारा आटे पाडलेला दांडा. प्लेटच्या छिद्रातून हँडल घालून तो दांडा फिरविला, की मोटर बिटासह वर येते किंवा खाली जाते. विहिरीवरचा रहाट जसा पाणी वर आणतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे मोजमाप केसाएवढे बारीक आहे.

बसविण्यापूर्वी

पहिली गोष्ट, लिफ्ट घेण्यापूर्वी आपल्या मोटरचा व्यास मोजावा. प्रत्येक पकड प्रत्येक मोटरला बसत नाही. ज्या राउटरची मोटर तळाच्या बैठकीतून सबंध बाहेर निघते, ते या कामास उत्तम. स्प्रिंगवर खाली दाबले जाणारे राउटर अनेक लिफ्टांना चालत नाही. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये, मोटर सोबत नेऊन बसवून पाहावी.

दुसरी गोष्ट टेबलाच्या फळीची. आपल्या भागात पावसाळा दांडगा. सबंध लाकडाची फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिचा समतलपणा टिकत नाही. म्हणून प्लायवूडचे किंवा एमडीएफचे अठरा मिलिमीटरचे दोन थर चिकटवून, दोन्ही बाजूंस सनमायका लावून फळी करावी. एकाच बाजूस लावल्यास फळी वाकते. लिफ्ट आणि मोटर यांचे वजन बरेच असते. ते दिवसरात्र एकाच जागी लोंबत राहते. त्यामुळे पातळ फळी वर्षभरात मध्ये झोळ धरते. भोकाच्या दोन्ही बाजूंस खालून आडव्या पट्ट्यांचा आधार द्यावा.

भोक आणि पायरी

प्लेट फळीत बसविण्यासाठी भोकाच्या कडेने आतल्या बाजूस पायरी ठेवावी लागते. प्लेट फळीवर ठेवून तिच्या चारही अंगांस सरळ पट्ट्या घट्ट लावाव्यात आणि त्यांच्या आधाराने बेअरिंगच्या बिटाने पायरी कोरावी. पायरीची रुंदी दहा-बारा मिलिमीटर असावी, आणि खोली प्लेटच्या जाडीहून किंचित जास्त. प्लेट उंच करता येते, पण उथळ पायरीतून ती खाली नेता येत नाही. कोपऱ्यांची गोलाई प्लेटशी जुळते की नाही, हे आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावे. मग आतला भाग कापून काढावा.

प्लेट बसली की समतल करण्याचे काम येते, आणि येथे घाई कामाची नाही. प्लेटच्या कोपऱ्यांतील लहान स्क्रू फिरवून ती उचलता येते. पोलादी पट्टी उभी धरून ती फळी आणि प्लेट या दोन्हींवर टेकवावी आणि तिच्याखाली साध्या कागदाची चिठ्ठी सरकवून पाहावी. चिठ्ठी सर्वत्र सारखीच अडकली, की प्लेट समतल झाली. प्लेट खाली राहिली तर लाकडाचे पुढचे टोक पलीकडच्या काठाला अडते. वर राहिली तर ते अलीकडेच ठेचकाळते. दोन्ही प्रकारांत हात अवचित बिटाकडे जाण्याचा धोका असतो.

मोटर बसविणे

वीजेचा प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवावा, मगच मोटरला हात लावावा. पकडीचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. मोटरच्या हवा घेण्याच्या जाळ्या झाकल्या जाऊ नयेत. नंतर हँडल फिरवून मोटर तळापासून माथ्यापर्यंत एकदा नेऊन आणावी. वायर कोठे ताणते का, पकड कोठे अडखळते का, हे पाहावे. शेवटी कॉलेटमध्ये सरळ पोलादी सळई धरून गुण्या लावावा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. सळई दोन्ही वेळा गुण्याला चिकटली, तर मोटर काटकोनात उभी आहे. राउटरचे मूळ बटण टेबलाखाली जाते, म्हणून समोर हात पोहोचेल असे वेगळे बटण बसवावे. अर्थिंगची वायर जोडण्यात कुचराई करू नये.

उंचीची जुळवणी

एका फेऱ्यात बिट किती वर येईल, हे दांड्याच्या आट्यांवर अवलंबून असते. दहा मिलिमीटर व्यासाच्या प्रचलित दांड्याचे आटे दीड मिलिमीटरच्या अंतराने असतात, बाराच्या दांड्याचे पावणेदोन, सोळाच्या दांड्याचे दोन. म्हणजे दहाच्या दांड्यावर चार फेरे दिले की बिट सहा मिलिमीटर वर येते, आणि पाव फेरा दिला की मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. इंची आट्यांच्या लिफ्टेत इंचाला सोळा आटे असल्यास एक फेरा म्हणजे सोळांश इंच.

मात्र आटे आणि नट यांच्यात थोडी मोकळीक असतेच. हँडलची दिशा उलटली, की पहिला काही भाग वाया जातो. हँडल फिरते, बिट हलत नाही. म्हणून नियम असा, की शेवटची हालचाल नेहमी खालून वर असावी. बिट जास्त वर गेले तर अर्धा फेरा खाली येऊन पुन्हा हळूहळू वर यावे, आणि मग खटका आवळावा. खटका आवळल्यावर टाकाऊ तुकड्यावर खाच घेऊन ती खाच मोजावी. हँडलवरचे आकडे अंदाज देतात. अंतिम साक्ष लाकडाची.

बारा मिलिमीटरची खाच एका दमात घेऊ नये. तीन-चार टप्प्यांत घ्यावी. लिफ्टचा खरा लाभ येथेच आहे. फेरे मोजले, की प्रत्येक टप्पा सारखा येतो.

एक खाच, जी खोल होत गेली

येथे एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या घरच्या देवघरासाठी सागवानाच्या फळीत खाच काढली जात होती. मी शेजारीच उभा होतो. सुरुवातीस सहा मिलिमीटर असलेली खाच शेवटास नऊच्या आसपास गेली. लिफ्ट हलली नव्हती, खटका पक्का होता. बिट कॉलेटमधून हळूहळू बाहेर सरकत होते. ते तळाला टेकवून आवळले गेले होते, त्यामुळे कॉलेटची पकड पुरती बसली नव्हती. फळी वाया गेली. पण बिट सबंध सुटले असते, तर नुकसान फळीपुरते राहिले नसते. बिट पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर मागे ओढावे आणि मग पान्याने आवळावे, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनावर कोरली गेली आहे.

वेगाचेही असेच. मिनिटाला बावीस हजार फेऱ्यांवर सहा मिलिमीटरच्या बिटाची धार ताशी सुमारे पंचवीस किलोमीटर वेगाने धावते. पन्नास मिलिमीटरच्या बिटाची धार त्याच फेऱ्यांवर ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाते. म्हणून मोठ्या बिटासाठी फेरे दहा हजारांपर्यंत उतरवावेत. टेबलावर बिट वरून पाहता डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरते. लाकूड मागच्या आधारपट्टीला टेकवून उजवीकडून डावीकडे न्यावे. आधारपट्टी आणि बिट यांच्या मधून लाकूड कधीही घालू नये. ते हातातून हिसकले जाते. शेवटची वीतभर लांबी बोटांनी नव्हे, ढकलकाठीने सरकवावी.

धूळ आणि निगा

लाकडाचा भुसा आट्यांत साचला, की लिफ्ट जड चालते. रोज काम संपल्यावर ब्रशने आटे साफ करावेत. ओले तेल लावू नये. तेल आणि भुसा मिळून चिखल होतो. कोरडे मेण पुरे. आपल्या फुप्फुसांचीही हीच निगा राखावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. तोंडाला मास्क आणि टेबलाला धूळ ओढणारी नळी या चैनीच्या वस्तू नव्हेत.

खर्चाचा प्रश्न

परदेशी बनावटीची लिफ्ट महाग पडते, ही तक्रार रास्त आहे. काही कारागीर मोटारीच्या जॅकचा उपयोग करतात. त्याने मोटर उचलली जाते. परंतु उभे दांडे नसल्यास ती डुलते आणि काटकोन टिकत नाही. आपल्याला मात्र उद्यमबाग हाकेच्या अंतरावर आहे. दोन घासलेले दांडे, चार बुशिंगे, एक आट्यांचा दांडा आणि मोटरच्या मापाची पकड, एवढे काम चांगल्या लेथवाल्याला अवघड नाही. चौघांनी मिळून चार संच एकदम करून घेतले, तर खर्च विभागला जाईल.

पारंपरिक कारागिरांसाठी केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांचा समावेश करण्यात आला असून त्यांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत सवलतीच्या व्याजाचे कर्ज अशी तिची आखणी आहे. पात्रतेच्या अटी समजून घेऊन मगच अर्ज करावा.

मित्रहो, तयार फर्निचर आता गावोगाव पोहोचले आहे. त्याच्याशी स्पर्धा करावयाची, तर दहावा तुकडा पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, आणि तो काढणारी दहाही बोटे शाबूत राहिली पाहिजेत. लिफ्ट हे दोन्ही साधण्यास मदत करते; साधणारा मात्र कारागीरच असतो.

माझ्या बोलण्यात चूक राहिली असल्यास ज्येष्ठ मिस्त्रींनी ती येथेच दुरुस्त करावी. टेबल समोर मांडलेले आहे. प्लग काढलेला आहे. आता प्रत्येकाने एकदा हँडल फिरवून पाहावे.