म्हातारपणाची काळजी : पात्र कोण, आणि राबतं कोण?

(महिला मंडळांच्या कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या सत्राचं नाव पत्रिकेवर ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी शासकीय योजना’ असं छापलं आहे. योजनांची यादी तुमच्यापैकी बहुतेकींना पाठ आहे. म्हणून यादी न वाचता मी एकच प्रश्न मांडणार आहे. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की त्याला भरवणं, अंघोळ घालणं, हगणं-मुतणं काढणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. त्याला पैसा लागतो आणि माणूसही लागतं. या खर्चासाठी शासनाची मदत मिळायला कोण पात्र ठरतं? आणि जी म्हातारी अपात्र ठरते, तिचा भार कोणावर पडतो?

आधी आपल्या राज्यातली स्थिती पाहू. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. २०२३ च्या जुलैपासून तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. अट अशी, की नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं. शिवाय राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं.

२१,००० चा हिशोब करून बघा. महिन्याला १,७५० रुपये झाले, दिवसाला साधारण ५७. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात ६८ दिवस सरकारच्याच कामावर घाम गाळला, की घरातली म्हातारी सरकारच्याच निवृत्तीवेतनाला अपात्र! कोणतं घर वर्षाला २१,००० रुपयांत चालतं? हे तलाठ्यालाही माहीत आहे, तहसीलदारालाही माहीत आहे. म्हणून मग गावोगाव सल्ला मिळतो, ‘आजीचं रेशनकार्ड वेगळं काढा.’ खरं सांगणारी बाहेर राहते आणि कागद जुळवणारीला दाखला मिळतो.

दुसरी गंमत बघा. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मदत तीच १,५०० रुपयांची. त्याच वर्षी मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३,००० रुपये, आणि उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. आता एकच बाई डोळ्यांपुढे आणा. चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या मर्यादेत ती गरजू असते. पासष्टी ओलांडली, की काठीपुरती दोन लाखांच्या मर्यादेत गरजू, पण दर महिन्याच्या आधारासाठी २१,००० च्या आत असेल तरच गरजू. वय वाढलं, हातपाय थकले, गरज वाढली आणि दार अरुंद झालं.

दवाखान्याचं बरं चाललं आहे असं आपण म्हणतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले. चांगलंच झालं. पण ते रुग्णालयात दाखल असेपर्यंत. लकवा मारलेल्या बाईला घरी सोडलं, की पुढे तिला कोण उचलणार, कोण पुसणार, याला त्या कार्डात जागा नाही. खरी दीर्घकाळची काळजी तर घरी सोडल्यावरच सुरू होते.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका ताईंचं सांगते. नाव-गाव सांगत नाही. सासूला अर्धांगवायू झाला. ताई खुरपणीला, कांदा काढायला जायच्या. नवरा हंगामी हमाल. सासूचा अर्ज भरला तेव्हा चौकशीत ताईंची मजुरी कुटुंबाच्या उत्पन्नात धरली गेली, आणि अर्ज नामंजूर झाला. पुढे दोन महिन्यांतच ताईंनी मजुरी सोडली, कारण सासूजवळ थांबणारं दुसरं कोणी नव्हतं. पुन्हा अर्ज केला. या वेळी तोंडी उत्तर मिळालं, ‘घरात करणारी सून आहे की! निराधार कशा?’

मैत्रिणींनो, मला आज सांगायचं आहे ते एवढंच. बाई कमावत होती तेव्हा तिची मजुरी मोजली. कमाई सोडून ती काळजी घ्यायला लागली तेव्हा तिचे कष्ट मोजले नाहीत, पण ती घरात आहे हे मात्र मोजलं. दोन्ही वेळा तिचं असणं म्हातारीच्या विरोधात वापरलं गेलं. अर्जात सासूचं वय, जमीन, उत्पन्न, मुलगे हे सगळे रकाने आहेत. ‘हिला रोज किती तासांची मदत लागते आणि ती कोण देतं?’ हा रकाना मात्र नाही. आपल्याकडची पात्रता गरिबी मोजते, काळजीची गरज मोजत नाही. ती गरज घरातल्या बाईने फुकट भागवायची, हे गृहीतच धरलेलं आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची, मुलांचीही, काळजी घेताना दिसल्या. पुरुष होते जेमतेम २१ टक्के.

कायदा काय म्हणतो? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्याकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो. त्यात सून नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात ‘मुलं’ या शब्दाच्या व्याख्येत सून-जावई घालायचे होते. २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. पण ती कल्पना मेलेली नाही. पुन्हा येईल तेव्हा आपली भूमिका तयार हवी. सासूला सन्मानाने जगता आलं पाहिजे, हे आपण म्हणणारच. पण सुनेला जबाबदार धरताना तिच्या कष्टांचं मोल आणि तिला विसावा शासन कुठून देणार, हेही विचारायचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक धागा आहे. कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहकाचा भत्ता असावा, असं लिहिलं आहे. त्या कायद्याच्या २१ प्रकारांत पार्किन्सनही येतो. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी दरमहा ६०० रुपये ठरवले. रक्कम लाजिरवाणी आहे, पण ‘काळजी घेणारी’ अशी एक व्यक्ती असते, हे निदान कागदावर आलं.

बाहेरचं एकच उदाहरण देते, कारण तिथे बायकांच्या संघटनांनी हाच वाद घातला. जपानमध्ये १९९७ साली दीर्घकालीन काळजी विम्याचा कायदा झाला आणि २००० साली तो लागू झाला. चाळिशीपासून सगळे वर्गणी भरतात. ६५ नंतर अर्ज केला, की तपासनीस घरी येऊन उठता येतं का, जेवता येतं का, संडासला जाता येतं का, हे बघतो. त्यावरून गरजेच्या सात पायऱ्यांपैकी एक ठरते. पात्र ठरायला उत्पन्नाची अट नाही. घरात सून आहे म्हणून पायरी खाली येत नाही. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. उत्पन्न जास्त असेल तर थोडा अधिक. कायदा घडत असताना घरच्या काळजीवाहकाला रोख भत्ता द्यावा का, असा वाद झाला. हिगुची केइको आणि त्यांच्या सहकारणींनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की चार पैसे देऊन सुनेला घरात बांधून ठेवलं जाईल; पैसा नको, घरी येणारी सेवा द्या. मुख्यतः सेवाच मिळाली.

आपल्याकडे काय मागायचं, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते असू देत. मजुरी बुडालेल्या ताईंना आज रोख पैसा हवा आहे. पण नुसता पैसा मिळाला तर ‘आता तर तुला पगार मिळतो’ असं घरातले म्हणतील, हीही भीती खरी आहे. माझं मत असं, की भत्ताही मागावा आणि सोबत गावात दिवसाचं काळजी केंद्र, घरी येणारी प्रशिक्षित, रीतसर पगार मिळणारी मदतनीसही मागावी. आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आणखी एक बिनपगारी ओझं नको.

तोवर करायची कामं अशी. एक, कोणताही अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ‘सून आहे’ हे कारण कागदावर लिहिण्याची हिंमत सहसा होत नाही. दोन, अंथरुणावरच्या प्रत्येक वृद्धेचं दिव्यांगत्व तपासून घ्या. बहुतेक योजनांच्या लाभासाठी किमान ४० टक्क्यांची अट असते. तीन, कोणी घर-जमीन नावावर करून देत असेल, तर ‘सांभाळण्याच्या अटीवर’ असं बक्षीसपत्रात लिहून घ्यायला सांगा. मग कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं. चार, आपापल्या गावातल्या दहा घरांत काळजीची वही ठेवा : कोण, किती तास, कोणती मजुरी बुडाली. २१,००० ची मर्यादा बदला, म्हातारीची गरज आणि तिचं स्वतःचं उत्पन्न बघा, ही मागणी घेऊन आपण जाऊ तेव्हा त्या वह्या टेबलावर ठेवता येतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने निदान एक वही आणावी, एवढी विनंती करते आणि थांबते.